ॲडर्ली, ज्यूलियन ‘कॅननबॉल’

(१५ सप्टेंबर १९२८–८ ऑगस्ट १९७५). अमेरिकन जॅझ संगीतकार, आल्टो सॅक्सोफोनवादक व वाद्यवृंदप्रमुख. ‘सोल जॅझ’ या शैलीचा एक प्रमुख प्रवर्तक. पूर्ण नाव ज्यूलियन एडविन ॲडर्ली. जन्म फ्लॉरिडा राज्यातील टँपा येथे एका कृष्णवर्णीय शिक्षकी कुटुंबात. वडील स्वतः कॉर्नेट वाजवीत. पुढे हे कुटुंब टॅलाहासी येथे स्थायिक झाले. बालपणी त्याची भूक दांडगी असल्याने सोबती त्याला ‘कॅनिबल’ (नरभक्षक) म्हणत. त्याचाच अपभ्रंश होऊन ‘कॅननबॉल’ (तोफगोळा) हे नाव रूढ झाले व त्याच्या स्थूल देहयष्टीलाही ते शोभून गेले. धाकटा भाऊ नॅट ॲडर्ली (१९३१–२०००) हा कॉर्नेटवादक त्याचा जन्माचा साथीदार ठरला. १९४० नंतरच्या काही वर्षांत या दोघा भावांनी टॅलाहासीत रे चार्ल्स या गायक-पियानोवादकाबरोबर वादन केले.

फोर्ट लॉडरडेल येथील डिलर्ड माध्यमिक शाळेत १९४८ पासून तो वाद्यवृंदाचा शिक्षक होता. मध्यंतरी १९५० ते १९५३ या काळात त्याने सैन्यातील वाद्यवृंदात काम केले व नंतर पुन्हा शाळेत अध्यापन केले. त्याच्या चरित्रातील हा भाग बहुधा दोन ओळींत आटोपला जातो. परंतु श्रोत्याशी बोलण्याची, त्याला हाताशी धरून संगीतात नेण्याची जी वृत्ती पुढे त्याच्या कलेचा कणा बनली, तिचे मूळ या अध्यापनात आहे.

१९५५ च्या उन्हाळ्यात तो न्यूयॉर्कला आला आणि कॅफे बोहेमिया या क्लबमध्ये ऑस्कर पेटिफर्ड याच्या वाद्यवृंदात आयत्या वेळी वाजविण्याची संधी त्याला मिळाली. त्या वादनाने त्याचे नाव शहरातील वादकांत पसरले. आल्टो सॅक्सोफोनचा श्रेष्ठ वादक चार्ली पार्कर त्याच वर्षी मार्चमध्ये निधन पावला होता. त्यामुळे ‘नवा पार्कर’ हे बिरुद ॲडर्लीला चिकटले. ते त्याला उपकारक ठरले नाही. पार्करची द्रुत लय व गुंतागुंतीची स्वरवाक्ये त्याने आत्मसात केली होती हे खरे. पण त्याचा नाद अधिक भरदार, उबदार आणि बेनी कार्टर या आधीच्या पिढीतील वादकाशी नाते सांगणारा होता. पार्करच्या वादनात व्याकुळता आहे, तर ॲडर्लीच्या वादनात प्रसन्नता. समीक्षकांनी ही प्रसन्नता अनेकदा उथळपणाची खूण मानली. त्याच्याविषयीच्या बऱ्याच गैरसमजांचा उगम येथे आहे.

नॅटसह काढलेले पहिले पंचक आर्थिक अडचणींमुळे १९५७ मध्ये मोडले व ॲडर्ली ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस याच्या वृंदात दाखल झाला. तेथे टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन होता. १९५९ च्या काइंड ऑफ ब्लू या ध्वनिमुद्रिकेत स्वरसंहतींच्या जलद मालिकांऐवजी मोजक्या स्वरमालांवर आधारलेले उत्स्फूर्त वादन आहे. डेव्हिस स्वर काटकसरीने वापरतो, कोल्ट्रेन ते शोधकाच्या अस्वस्थतेने रचतो. या दोहोंच्या मध्ये ॲडर्ली ब्लूजची भाषा बोलतो. ही भाषा नसती, तर त्या ध्वनिमुद्रिकेतील अमूर्तता कदाचित कोरडी वाटली असती. १९५८ मध्ये त्याच्या स्वतःच्या नावे निघालेल्या समथिन’ एल्स या ध्वनिमुद्रिकेत खुद्द डेव्हिसने साथ केली. डेव्हिस इतरांच्या हाताखाली क्वचितच वाजवीत असे. डेव्हिसकडून मौनाचे मोल ॲडर्ली शिकला. आधीच्या त्याच्या वादनात स्वरांची गर्दी होती; ती येथे ओसरलेली दिसते.

१९५९ च्या सप्टेंबरमध्ये डेव्हिसचा वृंद सोडून त्याने नॅटसह पुन्हा पंचक उभारले. बॉबी टिमन्स (पियानो), सॅम जोन्स (बास) व लुई हेझ (ड्रम) हे अन्य वादक होते. ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रॅन्सिस्कोतील जॅझ वर्कशॉप या क्लबमध्ये प्रत्यक्ष कार्यक्रमात केलेले ध्वनिमुद्रण रिव्हरसाइड कंपनीने प्रसिद्ध केले. टिमन्सची ‘धिस हिअर’ ही तीन मात्रांच्या चालीतील रचना त्यात असून, वादनापूर्वी ॲडर्ली श्रोत्यांना तिची ओळख करून देतो. श्रोत्यांचे हुंकार आणि टाळ्याही ध्वनिमुद्रिकेत तशाच ठेवल्या आहेत. तिच्या अनपेक्षित खपानंतर ‘सोल’ या शब्दाचा जाहिरातींत सुकाळ झाला.

सोल जॅझ म्हणजे बीबॉपच्या स्वररचनेला ब्लूजचा व कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गॉस्पेल संगीताचा दिलेला जोड. हाक आणि प्रतिसाद, ठळक ठेका व पुनरावृत्त होणारी सोपी स्वरवाक्ये ही तिची लक्षणे. होरेस सिल्व्हर, आर्ट ब्लेकी व ऑर्गनवादक जिमी स्मिथ यांनी ही वाट आधीच पाडली होती. चर्चच्या भक्तिभावाचा हा बाजार होय, असा आक्षेप त्या काळी घेतला गेला. काही ध्वनिमुद्रिकांपुरता तो रास्त आहे. ॲडर्लीला मात्र तो सरसकट लागू पडत नाही. नॅटची ‘वर्क साँग’ (१९६०) ही रचना साखळदंडातील कैद्यांच्या श्रमगीतांच्या ढंगावर बेतली आहे. तिच्यात ठेक्यावर पडणारे आघात घणाचे वाटतात आणि त्यांच्यामधील रिकाम्या जागेतून ॲडर्लीचे वादन वाट काढते. येथे लोकप्रियता व आशय यांत फारकत नाही.

१९६१ मध्ये व्हिएन्नाचा पियानोवादक जो झाविनुल वृंदात आला. पुढील वर्षी युसेफ लतीफ याच्या आगमनाने वृंदाचे षट्क झाले. लतीफच्या बासरी, ओबो व टेनर सॅक्सोफोनमुळे वृंदाच्या नादाला नवे रंग मिळाले. १९६२-६३ चे हे षट्क ॲडर्लीच्या कारकीर्दीतील सर्वांत समृद्ध पर्व होय. व्यावसायिक यशाच्या गोंगाटात त्याकडे दुर्लक्ष झाले.

त्या यशाचा कळस म्हणजे झाविनुलची ‘मर्सी, मर्सी, मर्सी’ ही रचना. १९६७ च्या आरंभी ती अमेरिकेतील लोकप्रिय गीतांच्या यादीत अकराव्या स्थानापर्यंत गेली व तिला ग्रॅमी पुरस्कारही लाभला. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर ती शिकागोच्या एका क्लबमधील असल्याचे छापले होते. वास्तविक ऑक्टोबर १९६६ मध्ये हॉलिवुडमधील कॅपिटल कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहात निमंत्रित श्रोत्यांना मद्य पाजून तो क्लबचा माहोल निर्माण करण्यात आला होता. जागा खोटी होती, श्रोत्यांचा प्रतिसाद खरा. सोल जॅझचे सामर्थ्य व दौर्बल्य या एका घटनेत एकत्र आले आहेत. याहून लक्षणीय गोष्ट अशी की, या सुप्रसिद्ध ध्वनिमुद्रणात ॲडर्लीचे स्वतंत्र सॅक्सोफोनवादन जवळजवळ नाहीच. तो आरंभी बोलतो, भावाबरोबर चाल वाजवितो आणि विस्ताराची जागा झाविनुलच्या विद्युत् पियानोला देतो. ज्या सामान्य श्रोत्यांना तो याच रचनेमुळे ठाऊक झाला, त्यांनी त्याचे खरे वादन ऐकलेलेच नव्हते. त्याच वर्षीच्या ‘सेव्हंटीफोर माइल्स अवे’ या सात मात्रांच्या रचनेत मात्र तो लयीच्या अडचणीशी झुंजताना ऐकू येतो. कॅपिटलकडील नंतरच्या काही ध्वनिमुद्रिकांत भाषणे, ठेके व विद्युत् वाद्ये यांच्या भाराखाली त्याचा आल्टो दबला आहे, हे मान्य केले पाहिजे.

श्रोत्यांशी असलेल्या त्याच्या नात्याला सामाजिक अंगही होते. कंट्री प्रीचर (१९६९) ही ध्वनिमुद्रिका शिकागोत ऑपरेशन ब्रेडबास्केट या कृष्णवर्णीयांच्या आर्थिक हक्कांसाठी लढणाऱ्या चळवळीच्या सभेत मुद्रित झाली असून तिचा प्रारंभ जेसी जॅक्सन याच्या निवेदनाने होतो. येथील सभा उसनी आणलेली नव्हती, आणि तो फरक वादनातही जाणवतो. महाविद्यालयांतून त्याने सप्रयोग व्याख्यानेही दिली. इतरांना पुढे आणण्यात तो उदार होता. गिटारवादक वेस माँगमरी याला इंडियानापोलिस येथे ऐकून रिव्हरसाइडकडे त्याची शिफारस १९५९ मध्ये ॲडर्लीनेच केली होती.

जुलै १९७५ मध्ये दौऱ्यावर असताना त्याला मेंदूतील रक्तस्रावाचा झटका आला व काही आठवड्यांनी गॅरी (इंडियाना) येथे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. टॅलाहासी येथे त्याचे दफन करण्यात आले. १९७० मध्ये त्याच्या वृंदातून बाहेर पडून ‘वेदर रिपोर्ट’ हा वृंद स्थापन करणाऱ्यांपैकी एक असलेल्या झाविनुलने ब्लॅक मार्केट (१९७६) या ध्वनिमुद्रिकेत ‘कॅनन बॉल’ ही संथ, ठेक्याच्या मोहापासून दूर राहिलेली रचना त्याच्या स्मृत्यर्थ समाविष्ट केली.