साचा आणि नोंद : घरगुती चित्रपटसूचीतील शीर्षकाचा प्रश्न

सूची हे संशोधनाचे साधन होय, विवेचनाचा विषय नव्हे, अशी एक समजूत अभ्यासकांत रूढ आहे. तीमुळे सूचीतील माहितीची शहानिशा होते, परंतु ती माहिती ज्या मांडणीतून वाचकापुढे येते त्या मांडणीची तपासणी सहसा होत नाही. संगणकावर ठेवल्या जाणाऱ्या घरगुती चित्रपटसूचींच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. अशा सूचीची दोन अंगे असतात. एक नोंद, म्हणजे शीर्षक, दिग्दर्शक, वर्ष, भाषा इत्यादी रकान्यांत भरलेला मजकूर. दुसरे अंग दर्शनाचा साचा. कोणता रकाना ठळक छापावा, कोणता कंसात घालावा, कोणता मुळीच दाखवू नये, हे साचा ठरवितो. नोंद तीच राहून साचा बदलला, तर वाचकाच्या मनात उभा राहणारा चित्रपट बदलतो. म्हणूनच साचा हा केवळ शोभेचा भाग मानता येत नाही. प्रत्येक साच्यात चित्रपटाविषयीचे काही एक मत गृहीत धरलेले असते.

संग्राहकाला स्वतःचा साचा घडविण्याची मुभा देणाऱ्या प्रणालींपैकी तीन येथे विचारात घेण्याजोग्या आहेत. ‘अँट मूव्ही कॅटलॉग’मध्ये एचटीएमएल पानात ठरावीक खुणा लिहिल्या की त्या जागी नोंदीतील मजकूर येऊन बसतो. ‘टेलिको’मध्ये नोंद एक्सएमएलच्या रूपात साच्याकडे जाते आणि साचा एक्सएसएलटी या रूपांतर-भाषेत लिहिलेला असतो. त्यामुळे त्यात अटीही घालता येतात. ‘कोडी’ (2014 पूर्वी ‘एक्सबीएमसी’) या प्रणालीत साच्याचे काम ‘स्किन’ करते. शीर्षक, मूळ शीर्षक आणि क्रम लावण्यासाठीचे शीर्षक असे तीन स्वतंत्र रकाने तेथे उपलब्ध असतात. अँट मूव्ही कॅटलॉगमध्ये रकाने दोन : मूळ शीर्षक व अनुवादित शीर्षक. ही विभागणी वरकरणी निरुपद्रवी दिसते. परकीय चित्रपट स्वभाषेत पाहणाऱ्या संग्राहकाला ती पुरेशीही आहे. मराठी चित्रपटापुढे मात्र ती अपुरी पडते.

व्ही. शांताराम यांनी प्रभात फिल्म कंपनीसाठी दिग्दर्शित केलेला ‘कुंकू’ (1937) या दृष्टीने पाहावा. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. त्याच वर्षी हीच कथा ‘दुनिया न माने’ या नावाने हिंदीत आली, आणि ‘द अनएक्स्पेक्टेड’ या इंग्रजी नावानेही तिचा उल्लेख होतो. आता संग्राहकाने जालावरून माहिती उतरवून घेतली, की मूळ शीर्षकाच्या रकान्यात बहुधा रोमन लिपीतील ‘कुंकू’ येऊन बसते. मग देवनागरी ‘कुंकू’ कोठे लिहावे? मोकळा रकाना एकच उरतो, तो अनुवादित शीर्षकाचा. परिणामी पानावर रोमन रूप ठळक छापले जाते आणि खुद्द मराठी नाव कंसात, अनुवाद म्हणून, मागाहून येते. नोंदीतील एकही अक्षर चुकीचे नसताना विधान मात्र उलटे झालेले असते.

या गोंधळाचे मूळ असे, की येथे तीन भिन्न संबंध एकाच रकान्यात कोंबले जातात. रोमन ‘कुंकू’ आणि देवनागरी ‘कुंकू’ यांचा संबंध लिप्यंतराचा आहे. ‘द अनएक्स्पेक्टेड’ हे परभाषिक प्रेक्षकासाठी योजिलेले नाव आहे. ‘दुनिया न माने’ हे तर लिप्यंतरही नव्हे आणि नावाचा अनुवादही नव्हे, ती त्याच कथेची वेगळ्या भाषेत चित्रित झालेली आवृत्ती आहे. कंस हे चिन्ह या तिहींतील भेद सांगू शकत नाही. ते केवळ मुख्य आणि गौण एवढाच क्रम लावते.

आवृत्ती म्हणजे अनुवाद नव्हे, हे ‘शेजारी’ (1941) या चित्रपटावरून अधिक स्पष्ट होते. मराठी ‘शेजारी’त गजानन जागीरदार यांच्याबरोबर केशवराव दाते आहेत, तर हिंदी ‘पडोसी’त जागीरदारांबरोबर मझहर खान आहेत. दोन शेजाऱ्यांचे नाते हाच ज्या चित्रपटाचा गाभा, त्यातील एक शेजारीच बदलला, तर अभिनयाचा तोल तोच राहिला असे गृहीत धरता येणार नाही. दोन्ही आवृत्त्या एकाच नोंदीत घालून ‘शेजारी (पडोसी)’ असे छापणारा साचा अभ्यासकापासून नेमकी हीच तुलना दडवितो.

व्यक्तिनामांच्या बाबतीत असाच प्रकार घडतो. टेलिकोत आडनाव आधी आणून नावे आपोआप मांडण्याची सोय आहे. तिच्या हाती ‘व्ही. शांताराम’ हे नाव पडले की ‘शांताराम, व्ही.’ असे रूप तयार होते. वस्तुतः दिग्दर्शकाचे नाव शांताराम राजाराम वणकुद्रे. म्हणजे ‘व्ही.’ हे आडनावाचे आद्याक्षर आणि ‘शांताराम’ हे व्यक्तिनाम. यंत्राने आडनाव म्हणून जे पुढे आणले ते आडनाव नव्हतेच, आणि जे मागे ढकलले ते होते.

रिकाम्या रकान्याचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. रकाना रिकामा असेल तर त्याचे नावही छापू नये, अशी अट साच्यात घालणे नीटनेटकेपणाचे मानले जाते. परंतु ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) या मूकपटाच्या नोंदीत भाषेचा रकाना रिकामा असणे आणि एखाद्या बोलपटाची भाषा नोंदवायची राहून जाणे, या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत. सुबक साचा दोन्ही सारख्याच झाकतो. तेथे ‘मूकपट’ हा शब्द नोंदीतच लिहिला पाहिजे. साच्याने तो अनुमानाने पुरवू नये.

यावर असा आक्षेप संभवतो, की घरगुती सूची ही खाजगी बाब आहे आणि तिची मांडणी हा ज्याच्या त्याच्या रुचीचा भाग आहे. रंग, अक्षराचा आकार, भित्तिपत्रकाचे स्थान यांपुरता हा आक्षेप मान्य करावा. तथापि सूची घरात राहत नाही. तिची पाने छापली जातात, इतरांना दिली जातात, प्रबंधाच्या परिशिष्टातही जाऊ शकतात. तेथे साचा अदृश्य होतो आणि त्याने लावलेला क्रम वस्तुस्थिती म्हणून उरतो. ‘कुंकू’ हा कशाचा तरी अनुवाद आहे, हा समज अशाच वाटेने रूढ होऊ शकतो.

उपाय अवघड नाही, पण तो योग्य ठिकाणी झाला पाहिजे. अँट मूव्ही कॅटलॉग व टेलिको या दोहोंतही स्वतःचे रकाने जोडता येतात. प्रत्येक भाषिक आवृत्तीची नोंद स्वतंत्र ठेवावी. मूळ शीर्षकात चित्रपटाचे नाव त्याच्या स्वतःच्या लिपीत लिहावे. लिप्यंतर, परभाषेतील नाव आणि सहआवृत्ती यांस तीन वेगळे रकाने द्यावेत. मगच साच्याला हात लावावा, आणि कंसाऐवजी ‘हिंदी आवृत्ती : दुनिया न माने, 1937’ असे संबंध सांगणारे शब्द छापावेत. या क्रमाचे कारण उघड आहे. नोंदीत जो भेद केलेला नाही तो कोणताही साचा दाखवू शकत नाही, आणि नोंदीत केलेला भेद मात्र एक निष्काळजी साचा सहज पुसून टाकू शकतो. सूचीवर विसंबणाऱ्या अभ्यासकाने म्हणूनच पानावरील मजकुराबरोबर त्याच्या मांडणीचीही परीक्षा करणे अगत्याचे आहे.