कृष्णधवल 'दोरोरो' : एका उपेक्षित चित्रमालिकेची बाजू

ओसामू तेझुका हे नाव बौद्ध साहित्याच्या अभ्यासकांस परिचित आहे ते १९७२ ते १९८३ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'बुद्ध' या चित्रकथेमुळे. त्यापूर्वीची त्यांची 'दोरोरो' ही भयकथा मात्र आपल्याकडे फारशी चर्चिली जात नाही. तिच्यावर १९६९ साली निघालेल्या चित्रमालिकेची उपेक्षा तर अधिकच झाली आहे. २०१९ मध्ये याच कथेची नवी रंगीत मालिका आल्यापासून जुनीचा उल्लेख झालाच, तर एक कच्चा पूर्वप्रयत्न म्हणून होतो. हा निवाडा पुन्हा तपासला पाहिजे.

कथा यादवीने होरपळलेल्या मध्ययुगीन जपानातील आहे. दाइगो कागेमित्सू हा सरदार सत्तेच्या लोभाने मंदिरातील ४८ दैत्यमूर्तींसमोर आपले जन्माला येणारे मूल देऊ करतो. मूल जन्मते ते ४८ अवयवांवाचून. नदीत सोडलेल्या त्या जीवाला जुकाई हा वैद्य वाढवतो व कृत्रिम अवयव बसवतो. हाच ह्याक्किमारू. एकेक दैत्य मारावा आणि एकेक अवयव परत मिळवावा, हा त्याचा जीवनक्रम होतो. त्याच्यासोबत दोरोरो हे अनाथ, चोरटे पोर भटकत राहते.

ही चित्रकथा १९६७ साली 'शोनेन संडे' या साप्ताहिकात सुरू झाली, १९६८ मध्ये खंडित झाली आणि १९६९ मध्ये दुसऱ्या नियतकालिकात कशीबशी आटोपण्यात आली. अनेक दैत्य जिवंतच राहिले. मुशी प्रॉडक्शनची २६ भागांची मालिका एप्रिल ते सप्टेंबर १९६९ मध्ये प्रक्षेपित झाली. गिसाबुरो सुगी हे तिचे प्रमुख दिग्दर्शक होते, तर संगीत इसाओ तोमिता यांचे.

पहिला आक्षेप रंगहीनतेचा. रंगीत नमुनापट तयार झाला होता, तरी मालिका कृष्णधवलच निघाली. पण त्यामुळे तिचे नुकसान झाले, असे म्हणता येत नाही. येथे रक्त काळे आहे. चिखल, पाऊस, रात्र आणि रक्त यांचा वर्ण एकच. हिंसा डोळ्यांना सुखावत नाही. लाल रंगाच्या उधळणीत जी एक छुपी मौज असते, तिला या मालिकेत जागाच उरत नाही.

दुसरा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. चौदाव्या भागापासून मालिकेचे नाव 'दोरोरो आणि ह्याक्किमारू' असे झाले आणि सूर बालसुलभ साहसाकडे झुकला. कुत्र्याचे एक पिल्लू तर आधीपासूनच सोबतीला दिलेले आहे. उत्तरार्ध विस्कळीत आहे, यात संशय नाही. तरीही मूळ कथेने जे टाळले ते ही मालिका करते: ती शेवटापर्यंत जाते. अखेरचा संघर्ष पित्याशीच होतो. ह्याक्किमारूचे शरीर पूर्ण होते, परंतु तोवर भाऊ आणि पिता दोघेही त्याच्याच हातून गेलेले असतात.

खरा वाद २०१९ च्या मालिकेशी आहे. तेथे पित्याच्या सौद्यामुळे त्याच्या प्रदेशाला समृद्धी लाभते. म्हणजे एका बालकाच्या मोबदल्यात हजारोंची भाकरी. प्रश्न गंभीर आहे आणि नव्या मालिकेने तो सामर्थ्याने मांडला आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्याचबरोबर पित्याला एक सबब मिळते. १९६९ च्या मालिकेत ती सबब नाही. तेथे लोभ हा लोभच आहे. त्याने लोककल्याणाचे वस्त्र पांघरलेले नाही. सत्तेसाठी दुसऱ्याचे शरीर गहाण टाकणारे नेहमीच कल्याणाची भाषा बोलतात. ती भाषा वजा केल्यावर काय उरते, हे जुन्या मालिकेत उघडे दिसते.

पालि वाङ्मयाच्या वाचकास येथे द्वत्तिंसाकाराचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. त्या भावनेत शरीराचे ३२ भाग वेगळे करून पाहिले जातात, ते शरीराविषयीची आसक्ती सुटावी म्हणून. तेझुकांनी जाणूनबुजून हा संबंध जोडला, असा दावा येथे नाही. परंतु ह्याक्किमारूचा मार्ग नेमका उलट आहे. तो भाग जोडत जातो आणि प्रत्येक भागाबरोबर दुःखाचे एक नवे द्वार उघडते. लाकडी अवयव गळून पडतो, मांसाचा उगवतो, आणि जो आजवर दुखत नव्हता तो आता दुखू लागतो. तरीही मनुष्य होण्यासाठी हे दुखणे त्याला हवे आहे. मालिका यावर प्रवचन करीत नाही. ती नुसते दाखवते.

हे सारे मुलांच्या वेळेत दाखवले गेले, याची आज अनेकांना हळहळ वाटेल. प्रस्तुत लेखकास वाटत नाही. युद्धात अनाथ झालेल्या पोरांची कथा कोणत्या ना कोणत्या मुलांच्याच जीवनातील असते. ती त्यांच्यापासून लपवून आपण त्यांना वाचवत नाही. मोठ्यांच्या सौद्याबद्दल प्रश्न विचारण्यापासून त्यांना दूर ठेवतो, एवढेच. या जुन्या मालिकेने तो प्रश्न मुलांसमोर ठेवला. तिच्या उत्तरार्धातील दोष मोजताना हे श्रेय वजा होऊ नये.