खेळांतील निद्रा आणि वास्तववाद

गेल्या आश्विनांतली गोष्ट. हरसूलच्या ज्या महाविद्यालयांत आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवितों तेथें सकाळच्या पहिल्याच तासाला एक विद्यार्थी बाकावर मान टाकून गाढ झोपीं गेला. चालू होतें 'मॅक्बेथ', आणि त्यांतहि नेमका तो प्रवेश, ज्यांत राजाच्या खुनाबरोबर आपण आपल्या निद्रेचाहि खून केला असें त्या अभागी सरदाराला वाटूं लागतें. वर्गांत खसखस पिकली. तास संपल्यावर आम्हीं त्याला जवळ बोलाविलें आणि रात्रभर मोबाईलवर खेळत बसला असशील, असें थोड्या तिरसटपणानेंच म्हटलें. तो म्हणाला, "होय, सर. पण माळ्यावर." नागली पोटऱ्यांतून बाहेर पडली कीं डुकरें उतरतात, तीं हांकण्यासाठीं रात्रीं शेतांतल्या माळ्यावर कोणी तरी जागें राहावें लागतें, आणि जागें राहण्यासाठीं हा मुलगा 'माइनक्राफ्ट' खेळतो. "त्या खेळांत करतोस तरी काय?" असें आम्हीं विचारलें. "घर बांधतों, सर. मग रात्र झाली कीं झोपतों."

झोप येऊं नये म्हणून खेळावयाचें आणि खेळांत मात्र झोपावयाचें, हा प्रकार आम्हांस प्रथम केवळ गंमतीचा वाटला. पण तो मनांतून जाईना. पुढें दिवाळीच्या सुटींत आम्हीं मुलाचा लॅपटॉप मागून घेतला आणि या जातीचे चारपांच खेळ, वयाला न शोभेल इतक्या चिकाटीनें, खेळून पाहिले. त्यांतून जें सुचलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. नाटक-कादंबऱ्यांच्या परीक्षणांत हा विषय कोठून आला असें कोणी म्हणेल. परंतु मोक्षपटाचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देण्याची परंपरा ज्या भाषेंत आहे, त्या भाषेंत खेळाला वाङ्मयाच्या पंक्तीला बसविल्यानें कोणाचा धर्म बुडूं नये.

या खेळांस इंग्रजींत 'सर्व्हायव्हल' म्हणतात. आपण त्यांस तगण्याचे खेळ म्हणूं. एकटा माणूस रानांत, बेटावर किंवा हिमांत टाकलेला असतो. त्यानें भूक, तहान, थंडी आणि श्रम यांस तोंड देऊन जिवंत राहावयाचें. त्याला झोप लागावी कीं नाहीं, आणि लागली तर तिची किंमत काय असावी, याविषयीं खेळणारांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, मनुष्य झोपतो म्हणून नायकानेंहि झोपलें पाहिजे; हा वास्तववाद्यांचा पक्ष. दुसरा म्हणतो, झोपेमुळें खेळ कठीण होत असेल तर ती ठेवा, नाहीं तर काढून टाका. उगाच अडथळा नको. फडके-खांडेकरांच्या नांवाशीं जोडलेला कला आणि जीवन यांचा वाद ज्यांनीं वाचला आहे त्यांना ही रणभूमि अगदींच अनोळखी वाटणार नाहीं.

वास्तववाद्यांच्या पहिल्या हट्टाचा निकाल लवकर लागतो. झोपेचे आठ तास कोणी आठ तास दाखवीत नाहीं, आणि दाखवूंहि नयेत. आपल्या नाट्यशास्त्रानें रंगभूमीवरील शयनाला जे निर्बंध घातले त्यांत मर्यादेचा विचार आहे. पण निजलेल्या पात्राजवळ नाटक करण्यासारखें फारसें उरत नाहीं, ही अडचणहि खरीच. मात्र भासानें 'स्वप्नवासवदत्ता'च्या पांचव्या अंकांत उदयनाला प्रेक्षकांसमोर निजविलें, आणि तो अंक त्या नाटकाचा प्राण ठरला. तो कां? उदयन हुबेहूब घोरतो म्हणून नव्हे. तो निजलेला आहे आणि जिला तो मृत समजतो ती त्याच्या उशाशीं बसली आहे. त्याला तें ठाऊक नाहीं, आपल्याला आहे. निजलेला मनुष्य दुसऱ्याच्या स्वाधीन असतो, एवढी एकच गोष्ट भासानें झोपेंतून उचलली. आम्ही या खेळांकडे याच नजरेनें पाहिलें.

आमच्या विद्यार्थ्याचा 'माइनक्राफ्ट' २००९ मध्यें प्रथम लोकांपुढें आला आणि २०११ मध्यें पुरा झाला. त्यांतला दिवस आपल्या वीस मिनिटांचा. लोंकरीचे तीन ठोकळे आणि तीन फळ्या मिळाल्या कीं पलंग होतो. त्यावर निजलें कीं क्षणांत पहांट. जवळपास राक्षस असतील तर मात्र खेळ निजूं देत नाहीं. हा नियम आम्हांस आवडला. त्यांत भासाचा थोडा अंश आहे. परंतु २०१८ साली कर्त्यांनीं त्यांत 'फँटम' नांवाचीं उडतीं भुतें आणिलीं. खेळांतले तीन दिवस जो निजला नाहीं त्याच्यावर तीं रात्रीं आकाशांतून झडप घालतात. येथें आमचा मतभेद आहे. जागरणानें त्या नायकाचा हात कांपत नाहीं, डोळा चुकत नाहीं, पाऊल जड होत नाहीं. शरीर जसेंच्या तसें, आणि शिक्षा मात्र बाहेरून येते. मोक्षपटावरचा साप असाच गिळतो, पण तेथें प्रत्येक साप एका दुर्गुणाचा असतो आणि पट मांडणारा नीतिच सांगावयास बसलेला असतो. जागरण हा दुर्गुण केव्हांपासून झाला? जो आजाऱ्याच्या उशाशीं जागतो, जो पिकासाठीं जागतो, त्याच्यावरहि हें भूत सोडावयाचें काय? २०२१ मध्यें आलेल्या 'व्हालहाइम'ची रीति याहून सभ्य वाटली. तेथें पलंगाजवळ विस्तव आणि वर छप्पर असल्याखेरीज निजतां येत नाहीं, आणि विश्रांति घेतलेल्याला दुसऱ्या दिवशीं अधिक दम लाभतो. धाकाऐवजीं लाभ, बस्स, एवढेंच, पण तेंहि थोडें नाहीं.

'फॉलआउट' या मालिकेंतील चौथ्या खेळाच्या २०१६ सालच्या कठीण पर्यायांत निराळीच युक्ति आहे: निजल्याशिवाय खेळ जतन होत नाहीं. त्यामुळें खेळणारा पलंग शोधीत फिरतो खरा, पण थकला म्हणून नव्हे, केलेलें काम वायां जाईल म्हणून. ही झोप म्हणजे कारकुनाची सही आहे. तिच्यावर अधिक शाई खर्च करण्याचें कारण नाहीं.

ज्या खेळानें आम्हांस खरोखर थांबविलें तो 'द लाँग डार्क'. कॅनडांतल्या हिंटरलँड नांवाच्या संस्थेनें तो २०१४ पासून अपुऱ्या रूपांत आणि २०१७ मध्यें पुऱ्या रूपांत प्रसिद्ध केला. उत्तरेकडील हिमप्रदेश, बंद पडलेलीं यंत्रें, लांडगे, आणि एकटा मनुष्य. थकवा वाढला कीं त्याला ओझें पेलवत नाहीं. म्हणजे येथें जागरण शरीरांत उतरतें, आकाशांतून नव्हे. आणि निजतांना तास स्वतः ठरवावे लागतात. एका गुहेंत आमच्या आगींत सहा तासांचें लांकूड होतें, बाहेर वादळ. आम्हीं दहा तासांची झोप मागितली. वास्तविक काटक्या मोजावयास दोन क्षण लागले असते. पण आम्ही प्राध्यापक, बेरजेचा कंटाळा! आमचा नायक त्या निद्रेंतून उठलाच नाहीं. या मरणाचा आम्हांस राग आला नाहीं, ओशाळल्यासारखें झालें. आग किती वेळ टिकेल याचा अंदाज आणि आपण किती वेळ डोळे मिटूं शकतों याचा अंदाज हे दोन येथें एकच होतात, आणि वास्तवता व काठिण्य यांचें भांडण त्या क्षणापुरतें मिटतें. जें खरें तेंच कठीण.

पण याच खेळाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. निद्रेंत नायकाची प्रकृति सुधारते, असा त्याचा हिशेब आहे. चतुर खेळणारांनीं त्यांतून पळवाट काढली: दिवसभर उपाशी हिंडावें, निजण्यापूर्वीं मोजकें खावें, आणि दिवसाचा क्षय रात्रीच्या झोपेनें भरून काढावा. पुढें कर्त्यांनीं सलग कित्येक दिवस पोटभर खाणाराला वाढीव बळ देऊन या कंजूष युक्तीचा मोह कमी केला. दुरुस्ती योग्यच, पण चूक कोठें होती? झोप म्हणजे एक मापटें आहे, तें भरतें आणि रितें होतें, या कल्पनेंत. उपाशी पोटीं झोप लागत नाहीं, हें आमच्या या डोंगराळ तालुक्यांत, पावसाळ्यांत घरांतलें धान्य संपत आलेल्या दिवसांत, लहान पोरालाहि ठाऊक असतें. बटण दाबलें कीं झोप येते, हें गृहीतच मुळांत खोटें.

महाभारताच्या सौप्तिकपर्वांत कृपाचार्य अश्वत्थाम्याला सांगतात कीं, आजची रात्र नीज, श्रम घालव, सकाळीं लढूं. सल्ला शहाणपणाचा आहे. पण अश्वत्थाम्याला झोप कोठून येणार? बाप मारला गेलेला, अंतःकरण पेटलेलें. आणि मग जो निजूं शकत नाहीं तोच, निर्धास्त निजलेल्या पांचालांच्या आणि द्रौपदीच्या पांच पुत्रांच्या शिबिरांत शिरतो. निद्रेचीं दोन्ही सत्यें व्यासांनीं एका रात्रींत ठेविलीं आहेत: ती मागून येत नाहीं, आणि आली कीं मनुष्य निराधार होतो. या कसोटीला उतरणारा खेळ आम्हांस एकच आढळला, 'प्रोजेक्ट झोंबॉइड'. त्यांत वेदना फार असतील किंवा भीतीनें मन व्याकूळ असेल तर नायक अंथरुणावर पडूनहि निजूं शकत नाहीं. औषधाची गोळी शोधावी लागते. त्याचें चित्रकाम ओबडधोबड आहे, भाषा तर विचारूंच नये. पण येथें कर्त्याला माणसाची झोप ठाऊक आहे.

आतां आमचा मुख्य आक्षेप. यांतले कांहीं खेळ चारचौघांनीं मिळून खेळतां येतात, आणि नेमके तेथें ते फसतात. 'माइनक्राफ्ट'मध्यें मूळ नियमाप्रमाणें सर्वांनीं निजल्याशिवाय रात्र सरत नाहीं. किती जणांनीं निजलें असतां पुरे, हें ठरविण्याची सोय २०२१ मध्यें झाली. 'व्हालहाइम'मध्येंहि सगळ्यांनीं एकदम अंथरूण धरावयाचें. 'झोंबॉइड'मध्यें अनेकांच्या खेळांत झोप बहुधा बंदच ठेवितात, कारण एकासाठीं काळ पुढें ढकलतां येत नाहीं. जगांत मात्र माणसें जमावानें कशीं निजतात? पाळीनें. वाड्याच्या दरवाजावर, तांड्याच्या मुक्कामावर, शेतांतल्या माळ्यावर, एक जागतो म्हणून दुसरा निजतो. माणसानें सोबत शोधली तिचें एक मोठें कारण हेंच असलें पाहिजे. 'डोंट स्टार्व्ह टुगेदर' या खेळांत तंबूंत निजलेल्यासाठीं काळ धांवत नाहीं, आणि त्यामुळें एकाला निजवून दुसऱ्यानें विस्तव राखणें तेथें शक्य होतें. पण खेळाला तें साधलें आहे याची त्याच्या कर्त्यांसच जाणीव असावी असें वाटत नाहीं. पहाऱ्याची पाळी, ती चुकल्याचा अपराध, जोडीदाराच्या श्वासावरून तो खरा निजला कीं नाहीं हें ओळखणें, हें सर्व कोणी तरी खेळांत आणावें, आणि मग वास्तववादाच्या गोष्टी कराव्या, असें आमचें मत झालें.

हें मत घेऊन, थोड्या अभिमानानेंच, सुटीनंतर आम्ही त्या विद्यार्थ्याकडे गेलों. भात कापून झालें होतें. खळ्यावर तो आणि त्याची आई झोडपणी करीत होतीं. पाळीच्या खेळाची आमची कल्पना त्यानें नीट ऐकून घेतली. मग म्हणाला, "नको, सर. खेळांत तरी नको."

कां, म्हणून विचारतां थोडा घुटमळला. यंदा भाऊ दसऱ्यापूर्वींच दिंडोरीकडे द्राक्षांच्या छाटणीला गेला. येथें त्याला 'जगायला जाणें' म्हणतात. तगण्याच्या खेळांचें याहून चांगलें मराठी नांव आम्हांस सुचलें नसतें. दरवर्षीं दोघे भाऊ माळ्यावर आळीपाळीनें निजत. या वर्षीं पाळी देणारा कोणी नव्हता. आई दिवसभर राबणारी, तिला रात्रीं कसें जागवावें? म्हणून साऱ्या हंगामाच्या रात्री यानें एकट्यानें काढल्या. "पलंगावर टेकलें कीं लगेच उजाडतें ना, सर," तो म्हणाला, "तेवढ्यासाठींच खेळतों मी तो."

एका बैठकींत दहा-वीस वेळां उजाडतें, असें त्यानें हिशेब करून सांगितलें. बाहेर खरी रात्र तशीच पसरलेली, खालीं नागलींत कोठें तरी खुडबुड, आणि हातांतल्या चौकटींत पुनःपुन्हा सकाळ. आमचा आक्षेप आम्ही मागें घेत नाहीं. पहाऱ्याच्या पाळीवांचून सोबत्यांची झोप रंगविणें हा त्या खेळांचा दोष आहेच. परंतु तो लिहितांना आम्ही लॅपटॉपपाशीं, घरांत, दार लावून बसलों होतों, आणि खेळांतल्या रात्री लांबवाव्या असें आम्हांस तेथेंच वाटलें होतें.

निघतांना त्यानें मोबाईल काढून आपलें घर आम्हांस दाखविलें. दगडी, दुमजली; वरच्या मजल्यावर दोन पलंग शेजारीं शेजारीं मांडलेले. दुसरा कोणाचा, हें आम्हीं विचारलें नाहीं. भिंतीला पूर्वेकडे खिडकी ठेविली होती. "इकडून उजेड येतो, सर," तो म्हणाला, आणि झोडपणीला परत गेला.