सांस्कृतिक नगरी आणि सोसायटीची एनओसी



विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी आपुलकीनं विचारलं, की वंशभेद आणि सांस्कृतिक विविधता हा विषय अमेरिकेला ठीक आहे, आपल्या ठाण्या-डोंबिवलीत त्याचं काय? प्रश्न रास्त आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

‘वंश’ हा शब्द आपण रोज वापरत नाही. जात, धर्म, भाषा आणि अलीकडे ‘आहार’ हे आपले शब्द. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात स्पष्टच मांडलं होतं, की जातिव्यवस्था म्हणजे वंशांची विभागणी नव्हे, एकाच वंशाच्या माणसांची ती सामाजिक विभागणी आहे. म्हणजे चेहऱ्यावरून माणूस ओळखता येत नाही. मग ओळखायचं कसं? आडनाव विचारून! आणि आपल्या शहरांत आडनाव सर्वांत आधी कोण विचारतं? शाळा नाही, दुकानदार नाही, लोकलमधला शेजारी तर नाहीच. विचारतो तो घर दाखवणारा एजंट.

आज आपल्याला टीका करायची आहे ती ‘सांस्कृतिक नगरी’ या बिरुदावर. ठाणं ते लावतं, डोंबिवलीही लावते. त्याला आधार नाही असं कोण म्हणेल? गडकरी रंगायतन आहे, फडके रोडवरची दिवाळीची पहाट आहे, पाडव्याची स्वागतयात्रा आहे. २०१० मध्ये ठाण्यात आणि २०१७ मध्ये डोंबिवलीत अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं. डोंबिवलीच्या संमेलनाचं यजमानपद आगरी यूथ फोरमनं निभावलं. ज्यांच्या भातशेतीवर आपल्या इमारती उभ्या राहिल्या, त्या समाजानं सगळ्या मराठी साहित्याची पंगत वाढली. आणि आपण? आगरी बोली कानावर पडली की अजूनही आपल्याला आधी हसू येतं.

विविधतेवर बोलायची वेळ आली की आपली एक ठरलेली यादी असते. कल्याण हे प्राचीन बंदर, तिथल्या व्यापाऱ्यांनी कान्हेरीच्या लेण्यांना दानं दिली. ठाण्यात १८७९ पासून बेने इस्रायली बांधवांचं सिनेगॉग आहे आणि त्यांची मातृभाषा मराठी. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात सिंधी निर्वासित आले, त्यातून उल्हासनगर झालं. यादी खरी आहे. पण ती आपण प्रशस्तिपत्रासारखी वाचतो. याच ठाण्यात १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांना धर्माच्या वादातून ठार मारलं गेलं, हे यादीत नसतं. अनेक प्रकारची माणसं एका गावात राहिली म्हणजे ती गुण्यागोविंदानं राहिली, असं आपोआप होत नाही. त्यासाठी कोणी तरी काही तरी करावं लागतं.

आता घराकडे येऊ. २०२३ मध्ये इथून जवळच, मुलुंडमध्ये, एका महिलेला ती मराठी आहे म्हणून कार्यालयासाठी जागा नाकारली गेली. डिसेंबर २०२४ मध्ये कल्याणच्या एका संकुलात धूप लावण्यावरून वाद झाला, मराठी कुटुंबाला मारहाण झाली, मराठी माणसाच्या खाण्यापिण्यावरून अपशब्द निघाले. त्याचे पडसाद थेट नागपूरच्या अधिवेशनात उमटले. आपण चिडलो, आणि ते चिडणं योग्यच होतं. आपल्याच राज्यात मासे खाणाऱ्यानं तोंड लपवून घर शोधायचं, हा अपमान आहे. त्यात काही किंतु-परंतु नाही.

पण मंडळी, त्याच रागाच्या भरात जरा पुढे जाऊ. मुंब्रा. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुसलमान कुटुंबं जीव मुठीत धरून मुंब्रा-कौशात आली आणि तिथली वस्ती भराभर वाढली. पहिली पिढी भीतीनं आली, हे समजतं. दुसरी पिढी तिथेच का राहिली? ती शिकली, नोकरीला लागली, गृहकर्ज मिळण्याइतका पगार झाला. घोडबंदर रोडवर, डोंबिवलीत फ्लॅट बघायला गेली आणि नाव सांगितल्यावर फ्लॅट ‘कालच गेला’ होता. मुंब्रा ठाणे महानगरपालिकेतच आहे. पण ‘सांस्कृतिक ठाणे’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर मुंब्रा येतं का? प्रामाणिकपणे सांगा.

मुलुंडमध्ये आपल्याला जे कुलूप लागलं, तेच आपण दुसरीकडे लावतो. किल्ली कोणाच्या हातात आहे एवढाच फरक.

हे दुसऱ्यांकडे बोट दाखवून बोलत नाही. आम्ही राहतो त्या इमारतीत काही वर्षांपूर्वी एका सभासदानं एका मुसलमान शिक्षिकेला फ्लॅट भाड्यानं द्यायचं ठरवलं. कमिटीची बैठक झाली. तिच्याविरुद्ध कोणी वाईट बोललं नाही. आपली माणसं सभ्य असतात. ‘आपल्याला काही नाही हो, पण बाकीच्यांना चालेल का?’ एवढंच सगळे म्हणाले. ते ‘बाकीचे’ कोण, हे कोणी विचारलं नाही. आम्हीही नाही. एनओसी ‘पेंडिंग’ राहिली आणि बाई दुसरीकडे गेल्या. पुढल्याच महिन्यात त्याच गच्चीवर आम्ही कोजागरी केली, गाणी म्हटली. सांस्कृतिक कार्यक्रम छान झाला.

बाबासाहेबांचंच उदाहरण पुन्हा घेऊ. १९१७ मध्ये परदेशात शिकून ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना. एका पारशी सराईत, पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं आली आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. दोन मित्रांकडे गेले, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही सबबी सांगितल्या. काठीवाले आपल्याला लगेच ओळखू येतात. आपण मात्र सबब सांगणाऱ्या मित्रांच्या जातीचे आहोत.

इथे कोणी म्हणेल, घर माझं, कोणाला द्यायचं ही माझी मर्जी. कायदाही थोडा याच बाजूला झुकतो, हे मान्य करायला हवं. राज्यघटनेचं कलम १५(२) दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते यांचं नाव घेतं. घरांचं घेत नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व फक्त पारशांपुरतं ठेवायची मुभा दिली. उलट अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, एप्रिल १९६८ मध्ये, घर विकताना वा भाड्यानं देताना वंश-धर्म बघायला बंदी करणारा कायदा झाला. त्यानं तिथला भेदभाव संपला नाही. पण नाकारलेल्या माणसाला कोर्टाची पायरी तरी मिळाली.

आपल्याकडे अगदीच काही नाही असंही नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६०, कलम २३: पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. आणि आदर्श उपविधींनुसार फ्लॅट भाड्यानं द्यायला सोसायटीची परवानगी लागतच नाही, फक्त कळवावं लागतं. म्हणजे ज्या एनओसीच्या आड आपण लपलो, ती मागण्याचा अधिकारच आपल्याला नव्हता! घरमालकाची मर्जी ही एक गोष्ट. अख्ख्या इमारतीनं मिळून दार लावणं ही वेगळी.

नियमानं काय होतं, याचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. कल्याणहून मलंगगड दिसतो. त्या दर्ग्याची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या एका ब्राह्मण घराण्याकडे. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की हे स्थान संमिश्र आहे. त्याला ना हिंदू कायदा लागू, ना मुस्लिम. त्याची स्वतःची रूढी किंवा विश्वस्त संस्थांचा सर्वसाधारण कायदा लागू. १९८० च्या दशकापासून तिथेही झेंडे आणि घोषणा आल्या, वाद पेटले. ते आपल्याला माहीत आहे. पण गडावरचं एकत्र असणं नुसत्या सद्भावनेवर टिकलं नव्हतं. वहिवाट ठरलेली होती, कोणाचा काय मान ते ठरलेलं होतं. सद्भावना निवडणुकीगणिक बदलते, ठरलेली गोष्ट मोडायला निदान वेळ लागतो.

म्हणून शेवटी एकच सांगणं. सप्टेंबरात आपापल्या सोसायटीची सर्वसाधारण सभा असते. पार्किंग आणि गळतीच्या विषयांनंतर एक ठराव मांडून बघा: भाडेकरूची माहिती घेऊ, पोलिसांना कळवू, पण जात, धर्म, भाषा, आहार विचारणार नाही. ठराव बहुधा पडेल. पण ‘बाकीच्यांना चालेल का’ म्हणणाऱ्यांना त्या दिवशी हात वर करून स्वतःचं मत सांगावं लागेल. आम्ही तेव्हा गप्प बसलो. यंदा आमच्या सभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत.