मोहक राक्षसीचे चित्रण : जाखीण, आसरा आणि अजिंठा

मराठी भूतकथांच्या मुखपृष्ठांवर हडळ किंवा जाखीण रेखाटताना चित्रकार बहुधा एकच युक्ती योजतात : देह अप्सरेचा आणि मुख रक्ताळलेले. त्यामुळे मोह व भय दोन्ही निष्प्रभ होतात. कारण जिचे भय प्रथमदर्शनीच कळते, तिच्या मोहात कोणी पडत नाही.

शब्दांचा इतिहास येथे मार्गदर्शक ठरतो. ‘जाखीण’ हे संस्कृत ‘यक्षिणी’चे, प्राकृत ‘जक्खिणी’च्या द्वारा आलेले रूप होय. ‘अप्सरा’, ‘अच्छरा’, ‘आसरा’ हा क्रमही ‘मत्स्य’, ‘मच्छ’, ‘मासा’ या क्रमाशी जुळतो. ध्वनी नियमाने बदलले. अर्थ मात्र पार पालटला. समृद्धी देणारी यक्षिणी पिशाच्च झाली आणि स्वर्गीय नर्तकी डोहात ओढून नेणारी जलदेवता झाली.

या अर्थांतराची पूर्वावस्था धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथे दिसते. तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्ती १९३८ साली पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी निकटचे साम्य दाखविते. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या त्या मूर्तीस प्रथम लक्ष्मी म्हटले गेले. पुढे अनेक अभ्यासकांनी तिला यक्षी मानले. अलंकारांनी नटलेल्या या रूपात भीतीचा लवलेशही नाही.

याउलट, मराठवाड्यातील विहिरींच्या व नद्यांच्या काठी पुजल्या जाणाऱ्या साती आसरा म्हणजे शेंदूर फासलेले सात दगड. त्यांना मुख नाही, देह नाही. तरीही दरारा पुरेपूर आहे. लोकमानसाने येथे चित्रणच टाळले आहे.

या दोन टोकांमधील वाट अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील चित्रकाराला पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात सापडली. सिंहलावदानाच्या भव्य चित्रात, जहाज फुटून बेटावर आलेल्या व्यापाऱ्यांचे स्वागत करणाऱ्या राक्षसी निखळ लावण्यवती आहेत. त्यांचे सुळे, सुटलेले केस व नरमांसभक्षण अन्य प्रसंगांत प्रकट होते. एकाच देहात दोन रूपे न कोंबता त्याने ती कथेच्या क्रमात विभागली. पाहणारा प्रथम व्यापाऱ्यांप्रमाणेच फसतो. भय त्यानंतर येते.

तथापि या चित्राचे अंधानुकरणही इष्ट नव्हे. अवदानातील राक्षसी जन्मानेच राक्षसी आहे; लोकसमजुतीतील हडळ मात्र पुष्कळदा बाळंतपणात मेलेली स्त्री असते. तिच्या भयकथेच्या मुळाशी एका घरातील मृत्यू आणि पोरके मूल आहे. तिला केवळ कामिनी म्हणून रंगविणारा चित्रकार ते दुःखच पुसून टाकतो. लावण्य अजिंठ्याकडून आणि संयम साती आसरांकडून घेता येईल. परंतु हडळीचा चेहरा रेखाटताना ती कोणाची तरी लेक होती, याचा विसर पडणे हा कलेचाच दोष मानावा लागेल.