क्रिस्तपुराण आणि बाप्तिस्म्यानंतरचा प्रश्न

फादर टॉमस स्टीफन्स याच्या क्रिस्तपुराणावर मराठींत जें लेखन झालें आहे, त्याचा भर बहुतेक भाषेच्या गोडीवर आणि संतांच्या ओवीशीं असलेल्या तिच्या नात्यावर आहे. तो अयोग्य नाहीं. परंतु हा ग्रंथ कोणासाठीं झाला, ही गोष्ट त्या कौतुकांत मागें पडते. आमच्या मतें क्रिस्तपुराण हा मुख्यतः बाप्तिस्मा घ्या असें सांगणारा ग्रंथ नव्हे. ज्यांचा बाप्तिस्मा होऊन गेला आहे, त्यांच्यासाठीं तो रचिला आहे. ही दृष्टि सुटल्यास त्याची पाठचिकित्साहि नीट होणार नाहीं.

ग्रंथकर्ता इंग्रज जेसुइट. तो १५७९ सालीं गोव्यास आला व १६१९ सालीं तेथेंच वारला. मधला बराच काळ त्यानें साष्टी प्रांतांत काढला. पुराण १६१६ सालीं राशोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. १६४९ व १६५४ सालींहि तें छापलें गेलें, असें सांगतात. पण या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत उपलब्ध नाहीं. पहिल्या पुराणाचे ३६ व दुसऱ्याचे ५९ अवस्वरू असून एकूण ओव्या सुमारें ११,००० भरतात.

आरंभींच एक प्रसंग येतो. नवख्रिस्त्यांस धर्मपाठ दिला जात असतां एक ब्राह्मण पाद्रीगुरूस विनवितो कीं, शिकविलें जातें तें उत्तमच. परंतु पूर्वींचीं पुराणें आम्हांस वर्ज्य झालीं, तर त्यांच्या ठिकाणीं वाचावयास कांहीं द्यावें. सर्व ग्रंथ हें या विनंतीचें उत्तर होय.

या विनंतीमागील काळ ध्यानांत घेतला पाहिजे. गोव्यांत १५६० सालीं इन्क्विझिशन आलें. १५६७ सालीं साष्टींतील देवळें पाडलीं गेलीं. १५८३ सालीं कुंकळ्ळी येथें पांच जेसुइट मारले गेले. अशा स्थितींत झालेल्या प्रत्येक बाप्तिस्म्यास अंतःकरणाचें नूतनीकरण म्हणणें धाडसाचें होय. उलट तो निव्वळ जुलूम होता, असें म्हणून मोकळें होणेंहि इतिहासाला धरून नाहीं. विनंति स्टीफन्सनेंच ओवीबद्ध केलेली असल्यामुळें तिला साक्षात् साक्ष मानतां येत नाहीं, हें खरें. तथापि स्वपक्षाला अडचणीची गोष्ट ग्रंथकार उगाच घालीत नाहीं. संस्काराला एक घटका पुरली. माणसाचें नांव बदललें. पण घरांतील पोथी गेली आणि श्रवणाची जागा रिकामी राहिली, हें त्यानें ओळखलें होतें. नवा जन्म झाला तरी त्या जन्माला भाषा हवी, आणि ती मातृभाषाच हवी, हें त्याच्या कृतीचें मर्म आहे.

पाण्यानें व आत्म्यानें पुनर्जन्म, हें ख्रिस्ती मत ब्राह्मण श्रोत्यांस सर्वस्वी अपरिचित नव्हतें. उपनयनानें द्विजत्व येतें आणि तीर्थस्नानानें पाप जातें, या कल्पना त्यांच्या अंगवळणीं पडल्या होत्या. नेमका येथेंच धोका होता. तीर्थस्नान पुनःपुन्हां घडतें; बाप्तिस्मा आयुष्यांत एकदांच. उपनयन वर्ण पाहून होतें. बाप्तिस्म्यास वर्ण नाहीं. म्हणून संस्काराला परकें नांव ठेवावें कीं देशी शब्द द्यावा, हा प्रश्न केवळ शैलीचा नव्हे. तमिळ ख्रिस्त्यांनीं ‘ज्ञानस्नान’ हा शब्द रूढ केला. मराठी बायबलांत ‘बाप्तिस्मा’ राहिला. पहिल्या शब्दांत आपलेपणा आहे, दुसऱ्यांत नवेपणाची खूण. तथापि सिद्धांतांतील हा नवेपणा समाजांत पुरता उतरला नाहीं. गोमंतकीय ख्रिस्त्यांत जातिभेद पुढेंहि राहिला, हें नमूद केलें पाहिजे.

आतां पाठाविषयीं. जे. एल. साल्डाना यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें रोमन लिपींतील हस्तलिखितांवरून ग्रंथ छापला. त्याच परंपरेचा पाठ शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं देवनागरींत आणिला. लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रत जस्टिन ॲबट यांनीं विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत उजेडांत आणिली, आणि तिच्या आधारें फादर नेल्सन फाल्काव यांची आवृत्ति २००९ सालीं निघाली. रोमन पाठांत पोर्तुगेज धर्मशब्द अधिक, देवनागरी पाठांत संस्कृत शब्द अधिक. ॲबट यांनीं देवनागरी पाठ हाच मूळ मानिला. त्यांच्या शोधाचें ऋण मान्य करूनहि शब्दशुद्धीवरून प्राचीनत्व ठरविणें आम्हांस पटत नाहीं. परके शब्द मागाहून काढतां येतात, तसे मागाहून घालतांहि येतात. नव्यानें ख्रिस्ती झालेल्यांस संस्काराचें वेगळेपण ठसविणारा लेखक परका शब्द जाणूनबुजून राखील, हा संभव ॲबट यांच्या मताविरुद्ध जातो.

निर्णय अर्थात् नव्या प्रती मिळाल्यावरच व्हावयाचा. गोमंतक वा मंगळूरकडील जुन्या घरांत या पुराणाचें एखादें बाड, निदान सुटीं पानें, ज्या संग्राहकांच्या हातीं येतील, त्यांनीं प्रथम संस्कारवाचक शब्द जसेच्या तसे उतरून घ्यावे आणि अशुद्ध वाटले म्हणून एकहि दुरुस्त करूं नये. नव्या जन्माला त्या लोकांनीं काय म्हटलें, हें त्या अशुद्धांतच राहिलें असण्याचा संभव आहे.