गुन्हेगारीशास्त्राचे पदव्युत्तर अध्ययन : एटापल्लीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

गुन्हेगारीशास्त्राचे पदव्युत्तर अध्ययन भारतात नवे नाही. सागर विद्यापीठात १९५९ मध्ये न्यायसहायक विज्ञानाच्या जोडीने या विषयाचा विभाग सुरू झाला. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने त्याची मांडणी समाजकार्याच्या अंगाने केली. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीसारख्या माडियाबहुल तालुक्यातील पदवीधर या विषयाकडे वळल्यास स्वतःच्या परिसराच्या आकलनाची साधने त्याला तेथे मिळतील काय, हा प्रस्तुत टिपणाचा प्रश्न आहे.

गुन्ह्याची व्याख्या

सदरलँड यांनी गुन्हेगारीशास्त्राची तीन अंगे सांगितली : कायदा घडणे, कायदा मोडणे आणि त्यावरील समाजाची प्रतिक्रिया. अध्यापनात मात्र भर पडतो तो उरलेल्या दोहोंवर. पहिले अंग मागे राहते. लोम्ब्रोसोपासून मर्टनपर्यंतच्या उपपत्ती प्रामुख्याने माणूस गुन्हा का करतो, हे विचारतात. एटापल्लीत त्याआधीचा प्रश्न अटळ ठरतो : हे कृत्य गुन्हा कोणी व केव्हा ठरविले?

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार राखीव वनातून परवानगीविना बांबू तोडणे हा वनगुन्हा होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूचा समावेश गौण वनोपजात केला आणि त्यावरील हक्क मान्य केला. याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. तोडणारा, बांबू आणि जंगल तेच राहिले. कृत्याचे विधिक स्वरूप पालटले. गुन्हेगाराच्या मनोवृत्तीत किंवा दारिद्र्यात कारण शोधणारी उपपत्ती येथे अपुरी पडते.

एल्विन यांचा ग्रंथ

व्हेरियर एल्विन यांचा 'मारिया मर्डर अँड सुइसाइड' (१९४३) हा ग्रंथ या परिसराशी सर्वांत निकटचा. बस्तरमधील मारियांच्या खुनांच्या शंभर प्रकरणांचा त्यात अभ्यास आहे. कौटुंबिक कलह, मद्य, जादूटोण्याचा संशय अशा कारणांचा एल्विन यांनी बारकाईने शोध घेतला, हे त्यांचे श्रेय. तथापि, खटल्यांच्या नोंदी हे ज्या अभ्यासाचे साधन, त्याला कायद्याने निवडलेलेच वास्तव दिसते. शिवाय बस्तर हे संस्थान होते, तर एटापल्लीचा प्रदेश ब्रिटिश मध्यप्रांतातील चांदा जिल्ह्यात होता. तेथील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत.

एक संभाव्य आक्षेप

या मांडणीतून सर्वच गुन्हे सापेक्ष ठरतात, असा आक्षेप येऊ शकतो. तो ग्राह्य नाही. एखाद्यास करणी करणारा म्हणून जाहीर करून त्याचे जगणे कठीण करणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने दंडनीय ठरविले, ते योग्यच. कायदा अन्याय निर्माण करू शकतो, तसा तो दुर्बलाचे रक्षणही करतो. कोणत्या वेळी काय घडले, हे तपासणे हेच अभ्यासकाचे काम.

निष्कर्ष

वनगुन्ह्यांची प्रकरणे, ग्रामसभांचे ठराव आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा इतिहास यांना अभ्यासक्रमात मध्यवर्ती स्थान असावे. दुभाष्याविना माडिया जबानी समजू शकणारा विद्यार्थी हा या विद्याशाखेचा मोठा लाभ आहे. अन्यथा तो पदवी घेऊन परतेल, परंतु त्याने आत्मसात केलेल्या परिभाषेत त्याची माणसे केवळ आरोपी म्हणूनच उरतील.